लाल पाठीची सातवी

घाटकोपर, फेब्रुवारी १९८८

प्रिय जयंती,

पाणी येऊन गेलं होतं. पिंप, दोन्ही कळशा आणि मोरीतली बादली भरून झाली होती, दूध वर आलं म्हणून गॅस बारीक केला होता, आणि मी ह्यांच्या जुन्या गंजीफ्रॉकचं फडकं घेऊन शोकेसची काच सरकवली होती. तुला माहीतच आहे, संध्याकाळी देवनारच्या जळत्या कचऱ्याकडचा वारा सुटला की सकाळी आमच्या घरात बोट लावाल तिथे काळं निघतं. म्हणून मी कॅसेटी रोज पुसते. पूर्वी ते काम ह्यांचं होतं, मला हात लावू द्यायचे नाहीत. आता मी एकेक बाहेर काढते, पुसते, नंबरवारी परत ठेवते. त्या दिवशी पाचवी पुसली, सहावी पुसली, आणि सातवीवरून फडकं घसरलं. एरवी घसरत नाही. म्हणून नीट बघितलं, तर सातवीची पाठ लाल.

यात वावगं काय, असं कोणीही म्हणेल. पहिल्या तीन लाल आहेत, सातवीही लाल, छानच की. पण मी ते फडकं हातात धरून पलंगावर बसले ती बसलेच, आणि गॅस बारीक असूनही दूध उतू गेलं. कारण आमची सातवी हिरवी होती. शेवाळासारखी हिरवी, पाठीवर नंबरसुद्धा नसलेली. त्या रांगेतली सगळ्यात कुरूप कॅसेट. तुझ्या दादाने ती आणली त्या दिवशी जेवण धड केलं नव्हतं. त्या रांगेत कधीच काही जुळलं नाही, आणि आता एकाएकी जुळायला लागलं होतं. म्हणजे माझ्या घरात येऊन कोणीतरी शोकेसला हात लावला होता.

ह्या कॅसेटींचं वेड तू सुरुवातीला पाहिलंस, शेवटचं नाही पाहिलंस, म्हणून सांगते. रंगशलाका व्हिडिओवाल्यांनी नाटकांचे दहा भाग काढायचे ठरवले. ह्यांच्या पाठच्या भावाने, आपल्या बाळाने, दुबईहून व्हीसीआर आणून दिला होता, तेव्हा हे म्हणाले, भाड्याच्या कॅसेटी बघून परत देण्यापेक्षा एक चीज पूर्ण आपल्या घरात असू दे. पहिल्या तीन आल्या त्या अगदी मनासारख्या. लाल पाठ, वर गोलात नंबर, खाली नाटकाचं नाव. शेजारी शेजारी उभ्या केल्या की तिन्ही गोल एका रेषेत यायचे, आणि हे ऑफिसला जाणाऱ्यासारखा भांग पाडून समोर उभे राहून बघायचे. मग चौथी आली ती पांढरी, आणि नंबर वरचा खाली गेलेला. पाचवी बोटभर उंच निघाली. ती फळीखाली उभी राहीना म्हणून ह्यांनी शोकेसची फळीच काढून वर ठोकली. सहावी परत लाल, पण उन्हात वाळत घातल्यासारखी विटलेली, आणि तिच्यावरची अक्षरं खालून वर चढणारी. बाकीच्यांची नावं वाचायला मान उजवीकडे कलती करावी लागते, सहावीला डावीकडे. मी मोठ्यानं वाचायला लागले की हे म्हणायचे, बघ, आमच्या घरात नाटकांची नावं वाचायची तर मानेचा व्यायाम होतो.

आयुष्यभर हा माणूस भांडुपच्या छापखान्यात औषधांची खोकी छापत आला. तिथे एका खोक्याचा निळा दुसऱ्या खोक्याच्या निळ्याहून फिका निघाला तर सगळा गठ्ठा परत यायचा. म्हणून ह्यांना ते सोसत नव्हतं. मालवणीत चालू व्हायचं, ‘ह्येंका डोळे आसत काय नाय? पैल्या तीन करताना शुद्धीवर होते, मगे काय झाला?’ कंपनीला पत्र लिहिलं. माझ्याकडून लिहून घेतलं, माझं अक्षर बरं म्हणून. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं छापखान्यातून येणाऱ्या रद्दी कागदांवर आणि मग वाचनालयाच्या पुस्तकांवर आपलं आपण शिकले, पण अक्षर बरं. कंपनीचं उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुढच्याच महिन्यात हिरवी आली. हे उत्तराचा कागद त्या कॅसेटीवर आपटून म्हणाले, घेतली बघ नोंद.

तर ती हिरवी गेली होती. आणि तीच का जावी, हे मला एका क्षणात कळलं होतं. ते नाटक दोन तासांत संपतं, कॅसेट तीन तासांची आहे. शेवटच्या तासात पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. मागच्याच्या मागच्या गणपतीत बाळा सुट्टीवर आला तेव्हा कोणा मित्राचा कॅमेरा घेऊन आला होता. आरती झाली, मोदक झाले, आणि मग याला हुक्की आली की दादाचं शूटिंग करायचं. कोरी कॅसेट घरात नव्हती. दुकानाच्या कॅसेटीवर रेकॉर्ड होऊ नये म्हणून पाठीमागच्या कोपऱ्यात एक चौकोनी खाच तोडलेली असते. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं आणि रेकॉर्ड करतं. तसं करून सातवीच्या शेवटी तुझ्या दादाला घेतलं. ह्यांनी स्वतः पट्टी मापात कापली, अंगठ्यानं दाबून बसवली, म्हणाले, हिरवी कशालातरी उपयोगी पडली. शोकेसपुढे उभे राहून हे कॅमेऱ्याला एकेक कॅसेट दाखवतात आणि तिची तक्रार सांगतात, पहिलीपासून नववीपर्यंत. सातवी यंत्रात होती म्हणून तिच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवतात. दहावी ह्यांच्या हयातीत निघालीच नाही. मधे एकदा खोकतात. एकदा माझ्याकडे बघून म्हणतात, अगं चहा ठेव ना, बाळ्या कधीचा उभा आहे. जिवंत, हलणारे, बोलणारे हे तेवढेच राहिले माझ्याजवळ. भिंतीवरच्या फोटोत ते कोणा दुसऱ्याचा कोट घालून बसलेत आणि त्यांचं तोंड मिटलेलं आहे.

मी लाल कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, नाटक संपेपर्यंत पुढे पळवली. मुंग्या. शेवटपर्यंत मुंग्या. मी बघत बसले, मधेच कुठे येतील म्हणून.

मग मी आठवायला लागले. वर्षश्राद्धाच्या दिवसापर्यंत हिरवी जागेवर होती, कारण त्या पहाटे मी सगळ्या पुसल्या होत्या, पाहुणे यायचे म्हणून. त्यानंतर आठवडाभर मला ताप होता, शोकेस पुसलीच नाही. तापात घरात कोणी आलं नाही, शेजारची शेवंती दाराशी पेज ठेवून जायची. म्हणजे झालं ते श्राद्धाच्या दिवशी, दोन खोल्यांत सगळी माणसं कोंबलेली असताना. माझ्या घरी जेवून, माझ्या नवऱ्याच्या नावाचा भात खाऊन, कोणीतरी त्यालाच उचलून नेलं. हा विचार डोक्यात शिरला आणि जयंती, मी तुला खरं सांगते, त्या दिवसापासून मला कोणाचं तोंड सरळ दिसेना.

पहिला संशय नंदकिशोरवर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची व्हिडिओ लायब्ररी आहे, ती तू येता जाता बघितली असशील. त्याच्याकडच्या सगळ्या कॅसेटी काळ्या डब्यांत, वर पांढऱ्या कागदावर आकडा. हे म्हणायचे, दिसतात भिकार, पण निदान एकसारख्या दिसतात. तो कायम ह्यांच्या मागे लागलेला, काका, एक दिवस सेट द्या, कॉपी काढून परत देतो. हे द्यायचे नाहीत. हे गेले त्यानंतर भेटायला आला तेव्हाही त्याची नजर माझ्याकडे कमी आणि शोकेसकडे जास्त होती. श्राद्धाला जेवायला होताच. मी चपला घातल्या आणि दुकानात गेले. गिऱ्हाईक उभं होतं, तरी विचारलं, ‘नंदकिशोर, त्या दिवशी शोकेसपाशी काय करत होतास रे?’

तो हसला. ‘काकी, ताट हातात धरून जेवत होतो. तुमच्याकडे टेकायला जागा होती कुठे?’

मी म्हटलं, माझी हिरवी सातवी गेली आणि तिथे लाल आली. तर हा मला सांगतो, ‘मग वाईट काय झालं? हिरवी आता मागून मिळायची नाही. कंपनीला अक्कल आली काकी. दिवाळीच्या आधी दहाच्या दहा नव्यानं काढल्यात, सगळ्या लाल. ओळीनं लावल्या ना, झकास दिसतात. लवूकाका हवे होते.’

दहाच्या दहा लाल. दहावीसुद्धा. ह्यांनी ज्याची एवढी वाट बघितली ते निघालं आणि ह्यांना दिसलं नाही. पण मी रडायला आले नव्हते. म्हटलं, मला माझी हिरवी पाहिजे. नंदकिशोर गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाला, ‘लोक लाल मागतात, आमच्या काकी हिरवी मागतात. यांचं उलटंच.’ मी म्हटलं, तुझे डबे उघड. आणि त्याने उघडले गं. चिडला, पुटपुटला, पण माझ्यासमोर काउंटरवर काळे डबे उघडत गेला. हिरवी नव्हती. तरी बाहेर पडताना मला वाटलं, इतक्या सहजी उघडले, म्हणजे घरी ठेवली असणार.

त्या दिवसापासून मी घरातली काच बंद केली की तिच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवायला लागले. दोरा हलला तर कळावं म्हणून. रविवारी सकाळी मजल्यावरच्या बायका आणि पोरं माझ्याकडे टीव्ही बघायला येतात, कित्येक महिन्यांची रीत आहे. त्या रविवारी मी दाराला आतून कडी लावली आणि टीव्हीचा आवाज बंद करून बसले. बाहेर शेवंती म्हणत होती, झोपली असेल बिचारी, तापातून उठलीय. तिने मला पेज दिली होती, आणि मी आत बसून हिशेब मांडत होते की श्राद्धाला उष्टी काढताना शेवंतीच्या हातात पिशवी होती की नव्हती. अशी झाले होते मी. वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडायची, पान वाचून व्हायचं आणि एक अक्षर डोक्यात नसायचं. डोळे पुस्तकावर आणि कान दाराकडे.

मग माझी नजर वळली बाळाकडे, तो आता दुबई सोडून आलेला. व्हीसीआर त्याने आणलेला, कॅमेरा त्याने आणलेला, शूटिंग त्याने केलेलं. हे गेल्यावर एकदा त्याची बायको नंदा बोलता बोलता म्हणाली होती की मुलुंडला आमच्याकडे पोरं आहेत, यंत्र तिकडे चाललं तर वापरात तरी राहील. आता ते वाक्य मी मनात घोळवायला लागले. आधी सातवी नेली, मग यंत्र नेतील, मग म्हणतील वहिनी एकटी कशाला राहतेस, खोली विकू. माझ्या डोक्याने ते सगळं स्वतःच रचलं आणि स्वतःच खरं मानलं. बाळा मंगळवारी आला, माझ्यासाठी तांदळाची पिशवी घेऊन. पिशवी खाली ठेवायच्या आतच मी विचारलं, हिरवी कुठे आहे?

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो दारातच उभा राहिला, आत येईना. ‘वयनी, माका चोर समजतस? माझ्या भावाक मी चोरून न्हेलंय?’

मी म्हटलं, त्या कॅसेटीत काय आहे हे मला आणि तुलाच माहीत. तू नाही नेलीस तर कोणी नेली? कोणाला सांगितलं होतंस? तो म्हणाला, कोणाक नाय. मग तांदळाची पिशवी उचलून आत ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, ‘जयूक तेवढा सांगितलंय. भाऊबीजेक. ती रडाक लागली, म्हणान विषय बदललंय.’ चहा न घेता गेला. जाताना एवढंच म्हणाला की वयनी, दादा असता तर आज तुझ्याशी भांडला असता.

तरी तुझ्यावर माझा संशय गेला नाही. मला वाटलं, जयंतीकडे व्हीसीआर नाही. कांदिवलीच्या त्या घरात सासूसासरे, दीर, सगळे एका टीव्हीपुढे बसतात. ज्याच्याकडे यंत्र नाही तो कॅसेट नेऊन करेल काय? शिवाय त्या दिवशी तू सबंध वेळ माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होतीस. पाट मांडलेस, वड्या थापल्यास, भटजींना दक्षिणा द्यायची आठवण तू केलीस. माझ्याशी तीन वर्षांत पहिल्यांदा धड बोललीस. आणि जाताना शोकेसपुढे थोडा वेळ उभी राहिलीस. मला वाटलं, चौथी बघतेय.

बाळा गेल्यावर मी लाल सातवी परत बाहेर काढली. कुठल्या दुकानातून आली, काही चिठ्ठी, काही शिक्का असेल म्हणून. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. आणि तेव्हा कळलं फडकं का घसरलं होतं. तिच्यावर प्लास्टिक होतं. दुकानातलं नव्हे, घरी घातलेलं. पातळ, स्वच्छ, कोपरे तिरके कापून आत दुमडलेलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. मी नखानं एक घडी उचलली. आत चिकटवलेलं काही नव्हतं. दुसरी घडी उचलली. तिथेही नाही. सगळं नुसत्या घड्यांवर बसवलेलं होतं. खळीचा एक थेंब नव्हता, डिंक नव्हता, चिकटपट्टी नव्हती. ज्याने कोणी हे केलं होतं त्याला धास्ती होती की काही चिकटवलं तर खालचा छाप निघून येईल.

अशी धास्ती जगात एकाच माणसाला असेल.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या सासूबाईंना चौथीतलं नाटक बघायचं होतं म्हणून तू ती मागून नेलीस. शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर लावायची होती. परत आणलीस तेव्हा तिला तपकिरी कागदाचं कव्हर होतं, खळीनं चिकटवलेलं, वर लेबल, लेबलवर नाटकाचं नाव. तू हसत हातात दिलीस. पांढरी होती ना, मळेल म्हणून घातलं, असं म्हणालीस. ह्यांनी तो कागद सोलायला घेतला आणि कागदाबरोबर पाठीवरचा सगळा छाप निघून आला. पुठ्ठा उघडा पडला. तुझ्या नवऱ्यासमोर हे तुला काय काय बोलले. अडाणी म्हणाले. वस्तूची किंमत नाही म्हणाले. तू चहाचा कप तसाच ठेवून उठलीस. पुन्हा आलीस ती ह्यांना खाली ठेवलं होतं तेव्हा. छापखान्यातच छातीत दुखलं आणि तिथून घरी असेच आणले.

ह्यांनी त्यानंतर कधी तुझं नाव काढलं नाही असं तुला वाटत असेल. पण मी लग्न होऊन आले तेव्हा तू दुसरीत होतीस, आणि जून महिन्यात तुझा दादा काय करायचा ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. छापखान्यातून तपकिरी कागद आणायचा, चुलीवर पिठाची खळ करायला लावायचा, आणि जमिनीवर मांडी घालून तुझ्या एकेका पुस्तकाला कव्हर घालायचा. तू शेजारी बसून लेबलं पुढे करायचीस. कोपरा तिरका कसा कापायचा ते त्याने तुला शिकवलं. तू ते त्याच्या चौथीला केलंस. त्याने शिकवलेलंच त्याला परत केलंस, आणि त्याला ते ओळखू आलं नाही. निदान त्या वेळी तरी नाही.

म्हणजे भाऊबीजेला बाळाने सांगितल्यावर तू दुकानं धुंडाळून सातवी विकत घेतलीस. हिरवी मिळाली नसणार, मिळाली ती लाल. तुला वाटलं असेल, बरंच झालं, दादाची रांग एका जागी तरी नीट होईल. प्लास्टिक घातलंस, पर्समध्ये ठेवून आणलीस, मी चहा गाळत असताना बदललीस. मला वहिनी, दाखव ना, असं म्हणणं तुला जड गेलं असेल. बाळा जेवणानंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणालाच होता, दादाचं लावूया का, आणि मी म्हटलं होतं, आज नको. मला तो आवाज भटजी आणि उष्ट्या पत्रावळींमध्ये नको होता. तुला ते तुझ्यासाठी वाटलं असणार. मी तुझ्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

नंदकिशोरच्या दुकानात जाऊन मी सगळ्यांसमोर बोलले की चूक माझी. त्याने नवी दहावी माझ्या हातात ठेवली, काकी, बघा तरी, म्हणून. बघितली, परत दिली. शेवंतीकडे पेजेचं भांडं नेऊन दिलं. बाळाला मुलुंडला निरोप पाठवलाय. आता तुझं.

हिरवी परत दे म्हणायला हे लिहीत नाही. ती तुझ्याजवळ असू दे. लिहिण्याचं कारण त्या चिकटपट्टीचं आहे. कांदिवलीला कोणाकडे तरी ती तू लावशीलच, आज ना उद्या, शेजारी, नाहीतर भाड्याचं यंत्र आणून. हिरवी कॅसेट, पाठीवर नंबर नाही, नाव जेमतेम दिसतंय, बघणाऱ्याला ती कोरीच वाटेल. खाचेवर पट्टी आहे तोवर कोणाचंही बोट लाल बटणावर पडलं की तुझा दादा पुसला जाईल आणि वर कोणाची तरी मॅच येईल. बाळाने मला तेव्हाच सांगितलं होतं, वयनी, ही पट्टी काढून टाक. मी काढली नाही. उजेडात धरलीस तर दिसेल, पट्टीच्या आत ह्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे, रेघा रेघा मोजता येतात इतका स्पष्ट. माझं नख तिथे गेलंच नाही कधी. तुझं जाईल. तू चिकटलेलं सोलायला घाबरतेस म्हणूनच तू ते नीट करशील, हलक्या हातानं, आधी जरा वाफ दाखवून. लावायच्या आधी काढ, नंतर नको. मग नाटक संपू दे, मुंग्या येतील, उठून बंद करू नकोस, थांब. हे पहिलीपासून सुरुवात करतात. चौथीपाशी येतात तेव्हा ती हातात घेऊन काही बोलतात, आणि ते तुझ्याबद्दल आहे. मी ते इथे लिहिणार नाही. माझ्या अक्षरात वाचण्यासारखं ते नाही, त्याच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. कुठे लावायची सोय झाली नाही तर माझं यंत्र आहे, दार आहे, आणि कडी मी आता काढलीय. हे सगळं मला कळलं तो मंगळवार होता. बुधवारी सकाळी पाणी भरून झाल्यावर मी फटीतला दोरा काढून टाकला, तुझी लाल सातवी तिच्या प्लास्टिकसकट उचलली, आणि नंबर न बघता चौथीच्या शेजारी उभी केली.

तुझीच,
सुलक्षणा वहिनी